बिनगिलाव्याचं गाव

आमच्या हुलसूरला पोरगी द्यायची म्हणलं की लोक पोरगा नंतर बघतात, आधी भिंत बघतात. भिंतीला गिलावा असला तर खानदान बरं. गिलाव्यावर पुट्टी असली तर लई बरं. पुट्टीवर रंग आन् रंगावर चकचकीत फरशी चिकटवलेली असली तर पोरगा तोतरा असला तरी चालतंय. पण ईट उघडी दिसली की संपलं. उघडी ईट म्हणजे एकतर पैसा मधीच आटला, न्हाईतर भावाभावांची कोर्टकचेरी चालू हाय, असं आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल.

मी निंगप्पा. बसस्टँडच्या मागं माझं रंगाचं दुकान हाय, म्हणून ह्या रीतीबद्दल माझी कायबी तक्रार न्हाई. लग्नसराईत माझी पुट्टी हळदीपेक्षा जास्त खपती.

ह्या रीतीचे मोठे पुजारी म्हणजे आमचे दाजी, काशप्पा. माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. गावात कुणालाबी पोरगी द्यायची असली की दाजींना संग न्यायचं. दाजी पाव्हण्यांच्या घरी गेले की खुर्चीवर बसत न्हाईत, भिंतीपाशी जातात. बोटाच्या गाठीनं ठोकतात, कान लावतात. खणखण आवाज आला तर बसतात. ढब आवाज आला तर परत चपला घालतात. भालकीचं एक चांगलं स्थळ त्यांनी चहा यायच्या आत मोडलं. कामून, तर गिलाव्यात राख लई हाय म्हणे. त्या पोरीचा बाप जीपमधी तोंड लपवून बसला होता, आन् दाजी त्याला सांगायलेत, "रडू नका, भिंत आज ना उद्या पडलीच असती."

अशा माणसाच्या पोरीला जर्मनीचं स्थळ आलं.

दानेश्वरी माझी भाची. कलबुर्गीला इंजिनिअर झाली, दिसायला आईवर, बोलायला माझ्यावर. पोरगा औरादच्या माणिकप्पांचा, राजशेखर. तिकडं जर्मनीच्या वरच्या अंगाला, समुद्राजवळ, ल्यूबेक म्हणून जुनं शहर हाय, तिथं एका कारखान्यात नोकरीला. औरादचं घर दाजींनी ठोकून पास केलं होतं. पण पोरगी नांदणार ल्यूबेकात. म्हणून पोराचे तिकडचे फोटो मागवले, आन् फोन घेऊन दाजी माझ्या दुकानात आले.

फोटोत पोरगा एका लाल वेशीपुढं उभा. दोन जाडजूड गोल बुरूज, वर काळी टोकदार टोपरी, आन् खालून वरपर्यंत नुसती ईट.

"निंगप्पा, ह्याला गिलावा कामून न्हाई?"

"दाजी, जुनी वेस हाय ती. साडेपाचशे वर्षं झाली असं म्हणतात."

"साडेपाचशे वर्षांत गिलावा झाला न्हाई?"

इथं एखाद्या शहाण्या माणसानं समजावून सांगितलं असतं. पण समोरून चेंडू एवढा सरळ आल्यावर माझ्यानं बॅट खाली राहात न्हाई.

"भाऊबंदकी हाय," म्हणलो.

"आँ?"

"एक बुरूज थोरल्याचा, एक धाकट्याचा. मधल्या दाराचा गिलावा कुणी करायचा ह्यावर दावा चालू हाय. कोर्टाचा स्टे."

दाजींनी चष्मा पुसून फोटो मोठा केला. "म्हणूनच वाकडी झालीय. बघ कशी खचलीय एकीकडं. भावाभावांचं पटलं न्हाई की पाया आधी खचतोय."

मंग मीच नेटवर शोधून आणखी दाखवलं. हे त्यांचं मोठं देऊळ. ह्यालाबी न्हाई? न्हाई. ही मिठाची जुनी गोदामं, पायऱ्या पायऱ्यांच्या टोकाची. ह्यालाबी न्हाई? ह्यालाबी न्हाई. दाजींचं तोंड असं झालं, जसं कुणी सांगितलं की अख्खं गाव धोतर न नेसता बाजारला जायलंय.

"आपल्याकडं बघ," दाजी म्हणले. "त्या पलीकडच्या गावानं जुन्या वेशीला कसा गुलाबी ऑइलपेंट मारला. सरकारी खात्याचा फलक होता, हात लावू नये म्हणून लिहिलेला, तोबी रंगवून टाकला. ह्याला म्हणायचं गाव!"

रंग माझ्याच दुकानचा होता.

सांजच्याला हॉटेलात चहा प्यायला गेलो तर ल्यूबेकच्या भाऊबंदकीवर दोन पार्ट्या पडलेल्या. एक थोरल्याच्या बाजूनं, एक धाकट्याच्या. उद्या फलक लागला असता.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी दुकानात आली. रंगाच्या ड्रमवर बसली, ओढणी सारखी केली, आन् गोड आवाजात म्हणली, "मामा, जर्मनीत स्टे कुणी लावला?"

"अगं, थट्टा—"

"अप्पा नको म्हणायलेत. औरादला फोन करून मोडतो म्हणले. आन् त्यांनी बसवकल्याणचं स्थळ परत काढलंय. तो महेशकुमार, टाइल्सच्या शोरूमवाला."

"चांगला हाय की. घर कसं आरशासारखं."

"मामा, तो बघायला आला तवा माझ्याकडं एकदाबी बघितला न्हाई. खाली वाकून आमच्या फरशीचे सांधे बघत व्हता. मला विचारलं काय, तर ही फरशी कितीला पडली." ती ड्रमवरनं उठली. "राजशेखरनं मला विचारलं, तिकडं आल्यावर तू काय करणार? स्वयंपाकाचं न्हाई विचारलं. तू काय करणार, असं. मला तिथं जायचंय, मामा. मोडलं तुमी, जोडा तुमीच."

एवढं बोलून गेली. थट्टा करणाऱ्याला शिव्या चालतात, मारबी चालतोय. पोरीनं शांतपणे सांगितलं की मात्र कायतरी करावंच लागतंय.

मंग मी माझ्या पद्धतीनं उपाय केला. आमच्या धंद्यात फोनवर एक ॲप असतंय, घराचा फोटो टाकला की भिंतीला पाहिजे तो रंग लावून दाखवतंय. मी त्यात ल्यूबेकची वेस टाकली. सगळीला पिस्ता कलर दिला, खिडक्यांना सोनेरी पट्टी, आन् दाजींना पाठवून दिली. खाली लिहिलं, 'भावाभावांचं मिटलं. काम झालं.'

दाजी लगेच खूश. मला फोन. "निंगप्पा, पिस्ता उठून दिसायलाय! आता शनिवारी व्हिडिओ कॉल लाव. समक्ष बघतो, भिंत ठोकून घेतो, आन् पक्कं करून टाकतो."

ह्याला म्हणतात स्वतःच्या शिडीखालची स्वतः काढलेली ईट.

शनिवारपर्यंत काय सुचलं न्हाई. एकच केलं, रिक्षा करून गुरुबाईला घेऊन आलो. गुरुबाई म्हणजे दाजींची सख्खी आत्या, ऐंशीच्या पुढची. दाजींना 'काश्या' म्हणणारं आता जगात तेवढंच माणूस उरलंय. "आत्या, परदेशातलं देऊळ दाखवतो," म्हणलो, आन् तिला टीव्हीपुढं सतरंजीवर बसवली. दाजी सोफ्यावर. माझी बहीण चन्नव्वाअक्का स्वयंपाकघराच्या दारात. दानेश्वरीनं फोन टीव्हीला जोडला आन् टीव्हीच्या बाजूला उभी राहिली. मी चपलांजवळ बसलो. पळायला बरं.

टीव्हीवर राजशेखर आला. कानटोपी, नाक लाल, मागं वारा.

"शरणु काका. शरणु आज्जी."

"शरणु, शरणु. वेस दाखव आधी."

त्यानं फोन फिरवला. वेस आली. लालभडक. ईट न् ईट मोजून घ्यावी अशी.

दाजी माझ्याकडं वळले. "पिस्ता कुठाय?"

"पावसानं गेला असंल," म्हणलो. "तिकडं लई पाऊस."

"राजशेखर, परवा रंग दिला होता न्हवं वेशीला?"

"रंग?" पोरगं हसलं. "काका, हिला कुणी ब्रश लावला तर पोलीस उचलतील. दीडशे वर्षांमागं हे लोक ही पाडणारच व्हते. सभेत मतदान झालं. एका मतानं वाचली."

गुरुबाईनं मान वर केली. "कुणाचं मत फुटलं?"

"गिलाव्याच्या ठेकेदाराचं असंल," दाजी म्हणले. "पण मंग केला कामून न्हाई?"

माझ्याकडं त्यांनी असं बघितलं की मी एक चप्पल पायात घालूनच ठेवली.

पोरगं देवळात गेलं. काय ती उंची! वर बघता बघता टीव्ही संपला पण देऊळ संपलं न्हाई. सगळी ईट, सातशे वर्षांमागची. मंग एका कोपऱ्यात नेलं. जाळीच्या पलीकडं जमिनीवर दोन भल्यामोठ्या घंटा पडलेल्या. फुटून, चेपून, फरशीत रुतून.

"दुसऱ्या महायुद्धात बाँब पडले, काका. देऊळ पेटलं. ह्या वरून खाली पडल्या. तवापासून अशाच ठेवल्यात."

"ऐंशी वर्षं? उचलाय माणसं मिळंनात काय?"

"मुद्दाम ठेवल्यात. लोकांनी बघावं म्हणून."

गुरुबाई पान चावायची थांबली. "लई माणसं मेली असतील रं."

"व्हय आज्जी. लई."

मंग दाजी म्हणले, "ठेवू द्या. पण आजूबाजूनं झाडून तरी घ्यावं माणसानं."

"आता घर दाखव," अक्का दारातून म्हणली.

पोरगं चालत चालत एका मोठ्या घरापाशी आलं. त्या घराच्या पोटातच एक बोळ व्हता, एवढा बुटका की पोरानं मान वाकवली. आत गेल्यावर मात्र ओळीनं छोटी छोटी घरं, दारात फुलझाडं, सायकली. मला तर आवडलं. दाजींना बोळच दिसला.

"इथून वरात कशी जायची?"

इथं त्यानं 'दुसरीकडून रस्ता हाय' म्हणायला काय हरकत व्हती? पण पोरगं खरं बोलणारं. हा रोग औषधानं जात न्हाई.

"वरातीचं माहीत न्हाई काका. पण जुन्या काळी नियम व्हता म्हणतात, बोळ एवढा तरी पाहिजे की प्रेताची पेटी बाहेर काढता यावी."

"शिवा शिवा!" अक्का खालीच बसली.

दाजींच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे माणूस आत जायचं चालत, आन् बाहेर—"

"अप्पा, असं न्हाई," दानेश्वरी म्हणली.

"तू गप. राजशेखर, भिंत ठोक."

"काका?"

"भिंत, भिंत! बोटाच्या गाठीनं. फोन जवळ धर."

एवढा शिकलेला पोरगा, ल्यूबेकच्या गल्लीत, आपल्याच घराची भिंत ठोकाय लागला. ठक, ठक. दाजी सोफ्यावरून उठले आन् त्यांनी टीव्हीच्या काचेला कान लावला. "हळू न्हाई, जोरात!" ठक! ठक! ठक! तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आन् एक उंचपुरी म्हातारी बाहेर आली. पांढरे केस, हातात झारी. तिनं कायतरी विचारलं.

"घरमालकीण हायत," राजशेखर म्हणला. "विचारायलेत, कोण आत अडकलंय काय."

"तिला विचार, गिलावा कामून करत न्हाई? भाड्याचं घर असलं म्हणून काय झालं?"

पोरानं विचारलं. म्हातारी आधी हसली, मंग चिडली, मंग झारी हलवत बराच वेळ बोलली.

"त्या म्हणतात, ह्या घराला गिलावा करायचा विचारबी करता येत न्हाई. कायद्यानं बंदी हाय. खिडकी बदलायची म्हणली तरी सरकारी कचेरीतनं परवानगी लागती."

दाजी टीव्हीपासून सरळ झाले. कानाला काचेचा गारवा आन् तोंडावर विजयाचा उजेड.

"म्हणजे स्टे हाय! निंगप्पा, तू थट्टेत म्हणलास, पण खरंच स्टे निघाला! उठा. माणिकप्पांना फोन लावा. माझी पोरगी मी स्टेच्या घरात देणार न्हाई. बसवकल्याणला कळवा."

दानेश्वरी हलली न्हाई. टीव्हीच्या कडेला हात टेकून उभी. टीव्हीत राजशेखरबी तसाच उभा, ठोकायचं बोट अजून वर. दोघंबी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असल्यासारखे. मी ह्या जन्मात बऱ्याच लोकांची फजिती बघितली, पण त्या टायमाला मला वाटलं, निंगप्पा, आता काय बोलशील तर तुझी जीभ झडंल.

"काश्या," गुरुबाई म्हणली, "खाली बस."

"आत्या, तुला ह्यातलं कळत न्हाई."

"मला कळत न्हाई? तुझ्या लग्नाच्या येळला तुझ्या घराला कुठं व्हता रं गिलावा?"

दाजी बसले. बसले म्हणजे, सोफ्यावर पडले.

"आत्या, ते आता कशाला—"

"मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून पुढच्या भिंतीला तेवढा चढवला. मीच कालवला की वाळूसिमेंटचा मसाला! वर चुना मारला. मागं सगळ्या उघड्या ईटा. मधल्या दाराला गोणपाट लावलं, पाव्हणं आत जाऊ नये म्हणून. सोवळं हाय म्हणून सांगितलं! आपल्यात कधी सोवळं व्हतं रं?"

मुलीकडचे म्हणजे आमीच की! आमचे बाबा गेले व्हते बघायला. दाजींनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. एवढ्या वर्षांचं लपवलेलं.

"मला ठाव हाय," अक्का पदरानं हात पुसत म्हणली.

"आँ?"

"बाबा लघवीला जातो म्हणून मागच्या अंगानं फिरून आले व्हते. सगळं बघितलं व्हतं त्यांनी."

"मंग... मंग पोरगी दिली कशी?"

"घरी येऊन म्हणले, ईटा चांगल्या भाजलेल्या हायत. आन् पोरगं एवढं लपवायलंय म्हणजे त्याला लाज हाय. लाज असलेला माणूस बायकोला उपाशी ठेवत न्हाई." अक्का जरा थांबली. "ठेवलं न्हाई म्हणा तुमी. पण त्या गोणपाटाला मी हसले व्हते, बरं का. वर्षभर."

तीस वर्षं झाली मी ह्या माणसाची थट्टा करायलोय. कुठनं कुठनं माल शोधून आणायलोय. आन् एवढं मोठं गोदाम माझ्या स्वतःच्या बहिणीपाशी बंद पडलेलं! पण खरं सांगतो, त्या वक्ताला मी हसलो न्हाई. दाजींचा चेहराच तसा झाला व्हता. मिशा तेवढ्या दाजींच्या, बाकी सगळं एखाद्या नव्या नवरदेवाचं.

मंग त्यांनी टीव्हीकडं बघितलं.

"राजशेखर."

"काय काका?"

"घर मागून दाखव."

पोरगं लगेच वळलं. दार उघडून आत. भांडी घासायची राहिलेली, तव्यावर एक करपलेली भाकर, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. कायबी झाकलं न्हाई, कायबी पायानं सरकवलं न्हाई. अक्का भाकरीकडं बघून "अगाई" म्हणली. मंग मागचं दार. बाहेर एवढंसं अंगण, दोरीवर मोजे, कुंपणाला म्हातारीचा गुलाब. फोन फिरला. मागची भिंतबी उघड्या ईटांची. तशीच जुनी, तशीच लाल.

"ठोकू काय काका?"

"ठोक."

ठोकलं. दाजींनी परत काचेला कान लावला.

"काय म्हणतीय भिंत?" गुरुबाईनं विचारलं.

"टीव्हीतनं काय कळतंय आत्या, कपाळ!" दाजी म्हणले. "पण मागं जा म्हणल्यावर हे पोरगं थांबलं न्हाई. मी असतो तर आधी गोणपाट शोधलं असतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चन्नव्वा, साखर आण. पोरगी ल्यूबेकला जाईल."

अक्का साखर आणायला पळाली ती डोळे पुसत. दानेश्वरीनं टीव्हीकडं बघितलं, मंग बापाकडं, आन् एकदम खाली वाकून गुरुबाईचे पाय धरले. गुरुबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई. बरंच झालं, मी चप्पल काढली.

"राजशेखर, त्या म्हातारीला सांग," दाजी आता रंगात आले, "गिलाव्याचं आमी नाव काढणार न्हाई. निर्धास्त ऱ्हावा म्हणावं."

पोरानं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. मंग फोनच्या अगदी जवळ आली, एवढी की टीव्हीभर तिचं नाक आन् चष्मा, आन् दाजींकडं बोट करून कायतरी विचारलं.

"काय म्हणती?"

"त्या म्हणतात," राजशेखरला हसू आवरंना, "तुमी माझं घर पुढून मागून बघितलं. नुसत्या दोन खोल्याच न्हाई, अंगणसुदा बघितलं. आता तुमचं दाखवा. म्हणतात, आमचं पोरगं कुठनं बायको आणायलंय ते आमालाबी कळू द्या."

"दाखव की! दानेश्वरी, फोन घे, पुढचं दाखव तिला. खांब दाखव, ग्रॅनाइट दाखव."

"मागून म्हणतात काका."

दाजी एकदम ताठ झाले. पण दानेश्वरीनं फोन टीव्हीपासून काढला व्हता. माझ्याकडं बघून एक डोळा मारला, आन् स्वयंपाकघरातनं सरळ मागच्या दाराकडं सुटली.

"अगं थांब! तिकडं म्हैस हाय! अगं, तिकडं नको, उजेड न्हाई तिकडं!" दाजी सोफ्याला अडखळत, धोतर सावरत तिच्या मागं.

मी जागेवरनं उठलो न्हाई. घराच्या पुढच्या भिंतीला मी दाजींना किती पोती पुट्टी विकली ते मला ठाव हाय. मागच्या भिंतीला एक वाटीबी विकली न्हवती.